भागीबाईचे दात

काळूच्या उजव्या अंगठ्याला नख नाही. इगतपुरीत कोणी विचारलं, तर दाराच्या फटीत सापडलं म्हणून सांगतो. साफ खोटं. ते भागीबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, चावून काढलंय.

हा काळू घरजावई. घर भागीबाईच्या आईचं, राबायची भागीबाई, मारायचं काम तेवढं यानं अंगावर घेतलेलं. पिऊन आला की हात, हातानं भागलं नाही की चुलीतलं लाकूड. भागीबाईनं सोसलं. पण एकदा त्यानं पाळण्यातल्या पोरीवर, संजनावर, हात उगारला आणि हिचं डोकं फिरलं. तिनं त्याचा अंगठा दातात धरला आणि नख सुटेपर्यंत सोडला नाही. काळू गुरासारखा ओरडला. शेजारी धावत आले, तर ही बया तोंडभर रक्त घेऊन उभी. त्या दिवसापासून गड्यानं हात लावला नाही. शिव्या द्यायचा, ताट भिरकवायचा, पण ओठ मागं घेऊन तिनं नुसते दात दाखवले की मुकाट्यानं ओट्यावर जाऊन बसायचा. पोलीस नाही, पंचायत नाही, तिला वाचवलं ते दातांनी, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आणि त्याच दातांचं या बाईनं काय केलं, ते ऐका. मिश्री लावली. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, कुटून डबीत भरायची आणि उठल्याबरोबर बोटानं हिरड्यांवर घासायची. तिची आई लावायची, भाताच्या आवणीला चिखलात वाकलेल्या सगळ्या बाया लावायच्या. हिरडीतून रक्त यायला लागलं तेव्हा ही म्हणाली, दात कमजोर झाले, मिश्री वाढवली पाहिजे. घासली की हिरडी बधिर व्हायची, ठणका थांबायचा आणि हिला वाटायचं, गुण आला. कोण समजावणार अशा बाईला? समजावणाऱ्याचंच टाळकं फोडलं असतं तिनं.

मग एक दिवस भाकरीच्या घासात दाढ आली. कोणी मारलं नाही, कुठं पडली नाही, आपसूक निघाली. तिनं जिभेनं पुढचे दात ढकलून बघितले. हलत होते. समोर काळू जेवत होता. तिनं दाढ मुठीत आवळली आणि घास तसाच गिळला. याला कळलं तर आपण मेलो, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं.

नाशिकला दिलेली संजना माहेरी आली, तेव्हा आई भाकरी चहात कुस्करून खात होती आणि तोंडावर पदर धरून बोलत होती. पोरीनं पदर ओढला. तोंडाचा वास आला तशी ती आईला घेऊन निघाली आणि थेट नाशिकात, दातांच्या मोठ्या दवाखान्यात नेऊन बसवलं.

तिथल्या डॉक्टर आरोही वयानं संजनाएवढ्याच. त्यांनी हिरडी दाबली, तर पू आला.

"मावशी, मिश्रीनं दुखणं झाकलं गेलं आणि आत सडत राहिलं. दातांच्या बुडाचं हाड झिजलंय."

"म्होरचे ऱ्हातील का, तेवढं सांगा," भागीबाई म्हणाली.

"मागचे दोन काढायला लागतील. पुढचे वाचवू. पण मिश्री आजपासून बंद."

मागचे दोन काढले, आणि हिरड्यांची साफसफाई म्हणजे काय ते तिला त्या खुर्चीत कळलं. हिरडीखालचा दगडासारखा थर खरवडून काढला, चुळीला रक्ताच्या गुठळ्या पडल्या, मग हिरडीच्या खाचांत औषध सोडलं. भागीबाईनं खुर्चीचा हात धरून ठेवला होता. घरी जाताना मऊ ब्रश आणि गुळण्यांचं औषध दिलं.

घरी येऊन तिनं मिश्रीची डबी दगडानं ठेचली. पुढचे दिवस विचारू नका. मिश्रीवाचून डोकं फुटायची वेळ आली. तिनं बादली लाथेनं उडवली, शेजारच्या लताबाईच्या बकरीला पाटीनं हाणलं, रात्र रात्र येरझारा घातल्या. पण मिश्रीला शिवली नाही. हळूहळू हिरड्यांचं रक्त थांबलं, सूज उतरली. दात मात्र अजून पुरते घट्ट नव्हते.

काळूनं ब्रश पाहिला, औषध पाहिलं, मऊ भात पाहिला.

"काय गं भागे, दात पडाया लागले जनू?" म्हणाला आणि हसला. ते हसणं तिला ओळखीचं होतं.

त्याच आठवड्यात तो पिऊन आला आणि चुलीतलं लाकूड उचललं. पहिला तडाखा पाठीत बसला. दुसऱ्याला ती खाली पडली. त्यानं झिंज्या धरून वर ओढली, तेव्हा त्याचं मनगट तोंडाशी आलं. भागीबाई घाबरली होती, खरं सांगायचं तर मनगटाला नाही, आपल्याच दातांना. तरी चावली. कळ हिरड्यांतून थेट मस्तकात गेली, पुढचा एक दात वाकल्यासारखा झाला, तोंडात रक्त आलं, कोणाचं ते कळेना. तिनं धरून ठेवलं. काळू तिला भिंतीवर आपटत, किंचाळत राहिला. शेवटी मांसाचा लचका घेऊनच ती बाजूला झाली.

दवाखान्यात काळूनं कुत्रं चावलं म्हणून सांगितलं. बायको चावली हे सांगायची लाज, म्हणून पिसाळलेल्या कुत्र्याच्या इंजेक्शनांचा सगळा कोर्स घ्यायला तयार झाला. लताबाईनं येऊन हे सांगितलं तेव्हा भागीबाई पोट धरून हसली.

लताबाई गेल्यावर तिनं मोरीत बसून चूळ भरली आणि एकेक दात बोटानं हलवून बघितला. सगळे जागेवर होते. आणि मग ती रडायला लागली. आज राहिले, पण उद्या म्हातारपणी? हिरड्या जपायच्या त्या भाकरी खायला की नवऱ्याला चावायला? सगळा जन्म या माणसाशेजारी तोंड उघडं ठेवून झोपायचं का?

तिनं डोळे पुसले आणि त्याचे कपडे धोतरात बांधून ओट्यावर ठेवले. हाताला पट्टी बांधून काळू आला, गाठोडं पाहून उभाच राहिला.

"भागे, मी जाऊ कुठं?"

"कुत्रं चावत नाय, तिकडं जा," ती म्हणाली.

तिनं दार लावून आतून कडी घातली.