टेलरबाईंचं विद्यापीठ

गल्लीतल्या टेलरबाईंनी पन्नाशी उलटल्यावर पदवीचं मनावर घेतलं, तेव्हा जावेने नाक मुरडलं आणि थोरल्या मुलाने गाडी काढली. एकाच दिवसात दोन विद्यापीठं बघून यायची होती.

पहिलं अगदी आटोपशीर होतं. एकच अंगण, भोवती चार इमारती, मधे बाकडी. चहा पुढ्यात येईपर्यंत कँटीनवाल्यापासून ग्रंथपालापर्यंत सगळ्यांना कळलं, की या काकू स्वतःच शिकायला येणार आहेत. एकीने तर धावत जाऊन खुर्ची आणली.

"आई, अगदी घरच्यासारखं आहे गं," थोरला खूश होऊन म्हणाला.

"हो ना, घरच्यासारखंच आहे," बाई म्हणाल्या आणि खुर्चीवरून उठल्या.

दुसऱ्याच्या फाटकातून आत शिरलं तरी इमारती काही दिसेनात. झाडी, मैदानं, सायकलींची ही झुंबड. बाई वाट चुकल्या, पायाचे तुकडे पडले, पण कुणी ढुंकून पाहिलं नाही. उलट एका मुलीने त्यांनाच विचारलं, "इतिहास विभाग कुठाय?"

"मीही तोच शोधतेय. चल," म्हणत बाई तिच्याबरोबर निघाल्यासुद्धा.

थोरला धापा टाकत मागून आला. "आई, एवढं अवाढव्य कशाला? तुला ते पहिलंच बेताचं बसेल."

बाई गर्रकन वळल्या. "तुझे शाळेचे सगळे सदरे मी वाढत्या अंगाचे शिवले. पोरगं एवढंच राहणार, असं एकदा तरी म्हटलं का रे मी?"