एकाला एक डबा

कुणी हात पुढे केला की ते आधी स्वतःची बोटं हुंगायचे. "थांब सामंत, उंदीर लागलाय," म्हणत आत जायचे, साबणाने हात धुऊन यायचे आणि मग शेकहँड करायचे. बोटांना उंदराचा वास असला की साप बोटालाच घास समजतो. ती खबरदारी त्यांनी माणसांनाही लावली होती.

आखातात, अल कुसैसमध्ये, ते आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहत. मूळचे वसईचे, हॉटेलात लाँड्री सुपरवायझर, बायको वसईलाच. तुमच्या मजल्यावरही एखादा एकटा शेजारी असेल, मांजर पाळणारा नाहीतर कुंड्या लावणारा. आमचे हे किंगस्नेक पाळत. काळ्या अंगावर पांढरे पट्टे, बिनविषारी, एक जोडी. त्या वर्षी मादीने अकरा अंडी घातली. बासष्ट दिवस त्यांनी ती उबेत सांभाळली आणि अकराच्या अकरा फुटली. त्यांनी मजलाभर पेढे वाटले.

"मुलगा की मुलगी?" माझ्या बायकोने चेष्टेने विचारलं.

"वैनी, अजून नक्की नाय सांगता येत," ते गंभीरपणे म्हणाले.

अकरा पिल्लं, अकरा डबे. झाकणाला भोकं, आत पाण्याची वाटी, बाहेर नंबर. "किंगस्नेक दुसऱ्या सापाला खातो. सख्ख्या भावाला पण सोडत नाय. म्हणून एकाला एक डबा," हे वाक्य मी त्यांच्या तोंडून वीस वेळा तरी ऐकलं असेल.

अकरा नंबर सगळ्यांत लहान होती, सहा ग्रॅमची. तिचं लिंग ठरण्याआधीच ते तिला धाकटी म्हणू लागले. बाकीची पिल्लं पहिली कात टाकून जेवायला लागली. हिने पाच आठवडे उंदराच्या पिल्लाला तोंड लावलं नाही. शेवटी त्यांनी बाल्कनीतली पाल पकडली, वास लागावा म्हणून उंदराचं पिल्लू पालीच्या अंगावर घासलं, पालीला "सॉरी हां" म्हणून सोडून दिलं आणि तो घास चिमट्याने पुढे केला. धाकटीने तो घेतला. ते धावत आमच्याकडे आले. "सामंत, जेवली!" डोळ्यांत पाणी होतं. हात धुवायचंही विसरले होते.

मग आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी त्यांना दहा दिवस वसईला जावं लागलं. किल्ली, डिजिटल काटा आणि पिल्लांच्या वजन-खाण्याची वही माझ्या हातात दिली. "तू आकड्यांचा माणूस. तुझ्यावर सोडून जातो म्हणजे मला टेन्शन नाय."

सहाव्या दिवशी डबे धुवायचे होते. त्यांची पद्धत अशी: एक पिल्लू कापडी पिशवीत, त्याचा डबा धुवायचा, पुसायचा, पिल्लू परत, मग पुढचं. मी हिशेब केला. दर डब्याला दहा मिनिटं, म्हणजे एकशेदहा. दोन पिल्लं एकत्र ठेवून दोन डबे एकदम धुतले तर तासाभरात काम होईल. आणि दहा मिनिटांत भावंडं एकमेकांना काय करणार? मी चार नंबर आणि अकरा नंबर घरातल्या एका रिकाम्या डब्यात ठेवली. तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. चाळीस मिनिटं चालला.

परत आलो तेव्हा चार नंबरच्या तोंडाबाहेर दोन बोटं शेपूट उरली होती. मी बघत उभा राहिलो. नंतर तीही राहिली नाही.

ते परतले तेव्हा मी म्हणालो, "धाकटी निसटली. दाराखालून गेली असावी."

त्यांनी चार नंबर काट्यावर ठेवला. "हा एवढा कसा वाढला?"

"उंदराची दोन पिल्लं दिली त्याला." वहीत मी तसं आधीच लिहून ठेवलं होतं. आयुष्यात खोटा आकडा लिहिला तो तेवढाच.

त्यांनी वही पाहिली, मान हलवली. "तू लिहिलंयस म्हणजे बरोबर."

मला वाटलं, विषय संपला. पण ते सरळ माणूस. त्याच संध्याकाळी त्यांनी मजल्यावरचं प्रत्येक दार वाजवलं. "विषारी नाय, पण तुमच्या घरात मुलं आहेत, सांगायला पाहिजे." कॉरिडॉरभर भिंतीलगत पीठ भुरभुरलं, सापाचा माग उमटावा म्हणून. रोज ड्यूटीवरून आले की गुडघे टेकून ते पीठ बघायचे.

"बाबा, आर यू शुअर इट एस्केप्ड?" माझ्या मुलीने विचारलं. मी तिला अभ्यासाला बसवलं.

चौथ्या दिवशी नातूर, म्हणजे आमचा वॉचमन, मॅनेजमेंटचा निरोप घेऊन आला. "साप हटाओ, नहीं तो फ्लॅट खाली करो. खलास." ते माझ्याकडे वळून म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. चूक माझीच. दाराखाली पट्टी लावायला हवी होती."

बोलायची ती वेळ होती. मी म्हणालो, "चहा घेता?"

साप त्यांनी उम्म अल कुवैनच्या एका पाळणाऱ्याला दिले. रिकाम्या मांडणीसमोर दोन महिने काढले, आणि कंपनीच्या खोलीत राहायला गेले. जायच्या दिवशी आमच्या दारात आले. या वेळी बोटं हुंगली नाहीत. वास लागायला घरात काही उरलंच नव्हतं. हातात अकरा नंबरचा डबा होता.

"सापडली तर ह्यात ठेव आणि फोन कर. दुसऱ्या कशाबरोबर ठेवू नको हां."

तो डबा आमच्या चपलांच्या मांडणीवर आहे. माझी बायको दर शुक्रवारी त्यातली वाटी धुऊन ताजं पाणी भरते. सापडली तर बिचारी तहानलेली असेल, म्हणते.