तित्तिराची साद

सकाळी मी तुरीच्या शेंगा तोडत होते. बांधावर धाकट्या दिरांनी पाळलेल्या तित्तिराचा पिंजरा ठेवला होता. भोवती फास लावून ते बोरीआड बसले होते. पाळलेला ओरडला की रानातला भांडायला धावून येतो आणि अडकतो.

"वहिनी, यंदा तित्तिर वाढले असणार. गेल्या साली कुणी फास लावलाच नाही."

"मग आज कशाला लावलात?"

"वाढलेत का, ते बघायला नको?"

संपवायचं आपण आणि भरून द्यायचं रानानं, असा आपला हिशेब असतो.

तित्तिर ओरडत राहिला. बऱ्याच वेळानं टेकाडापलीकडून उत्तर आलं. भाऊजींचा चेहरा असा उजळला, की मलाही क्षणभर बरं वाटलं. पाटी ठेवून मी टेकाड चढले.

पलीकडे शेजारच्या वाडीतला एक म्हातारा झुडपाआड दबा धरून बसला होता. त्याच्यापुढेही पिंजराच होता, आणि त्यातला तित्तिर आमच्या तित्तिराला जीव तोडून आव्हान देत होता. मधलं रान रिकामं होतं.

मला बघताच म्हाताऱ्यानं ओठांवर बोट ठेवलं.

"बाई, हलू नकोस," तो हरखून म्हणाला. "तिकडं एक आलाय."