घाटात न्यूट्रल

"मॅडम, बाकीच्या इलेक्ट्रिक बसची चाकं स्वच्छ आणि या एकाच बसची काळी. याचा अर्थ तुम्हीच सांगा," मॅनेजर म्हणाले. अर्थ त्यांनी आधीच काढून ठेवला होता. मल्लिनाथमामा सारखे ब्रेक मारतात, तेव्हा सोमवारपासून त्यांना परत डिझेल बसवर पाठवायचं.

मी तुळजापुरात एका खासगी बस कंपनीच्या वर्कशॉपमध्ये मेंटेनन्स इंजिनिअर आहे. मामा आमचे सर्वांत जुने ड्रायव्हर, उमरग्याकडचे. डिझेल बसचा क्लच दाबून दाबून त्यांचा डावा गुडघा गेलेला. इलेक्ट्रिक बसला क्लच नसतो. परत डिझेलवर जाणं म्हणजे त्यांची नोकरी संपल्यात जमा होती, आणि हे ते कुणाला बोलून दाखवणार नव्हते.

चाकावरची काळी भुकटी कुठून येते ते सांगते. साध्या ब्रेकमध्ये चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी डिस्कवर दोन पॅड दाबले जातात. घासलं की झिजतं. झिजलेलं थोडं चाकावर बसतं, बाकीचं हवेत जातं आणि तिथून आपल्या छातीत. इलेक्ट्रिक बसमध्ये ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मोटर उलटं काम करते. बसच्या वेगातून वीज बनवते, ती बॅटरीत भरते आणि त्यातच बस हळू होते. याला रीजनरेटिव्ह ब्रेकिंग म्हणतात. पॅडला फारसं काम उरत नाही, म्हणून भुकटी कमी.

मॅनेजरसाहेबांनी बसच्या पाठीवर मात्र 'ब्रेकची धूळ शून्य' असं रंगवून घेतलं होतं.

"सर, शून्य नाही, कमी. पूर्ण थांबताना पॅड लागतातच. शिवाय टायर झिजतात ते वेगळं," मी म्हणाले होते.

"कमी हा शब्द बसवर शोभत नाही," ते म्हणाले.

मी पॅड काढून पाहिले. खरंच झिजले होते. मोटर ठीक, वायरिंग ठीक, सेन्सर ठीक. मग सोलापूरच्या फेरीला मामांच्या मागच्या सीटवर जाऊन बसले.

"माझी तपासणी व्हय, ताई?"

"गाडीची."

"मग बसा निवांत. गाडीला कायबी झालेलं न्हाय."

गावातून त्यांनी बस अशी काढली की माझ्या शेजारच्या मावशींच्या मांडीवरची ताकाची बरणी डुचमळलीसुद्धा नाही. सारखे ब्रेक मारणारा माणूस हा नव्हे. मग घाट लागला. मामांचा हात सवयीनं बाजूला गेला, एक बटण दबलं आणि बस मोकळी सुटली. ब्रेक. वळण. पुन्हा ब्रेक. जळका वास आला.

"मामा, आत्ता काय दाबलंत?"

"न्यूट्रल."

"कशाला?"

"कशाला म्हंजे? उतार हाय! उतारावर गाडी फुकट जाती. डिझेलवर हुतो तवा सगळ्यांत कमी डिझेल माझ्या गाडीला लागायचं. आता बॅटरी वाचवतो."

मला हसू आवरेना. न्यूट्रल केलं की मोटर चाकांना आवरत नाही आणि वीजही बनवत नाही. सगळा भार पॅडवर. बॅटरी वाचवायच्या नादात मामा बॅटरीत येणारी वीज नाकारत होते. उतारावर न्यूट्रल कुठल्याही गाडीत धोक्याचंच, पण आमच्या ट्रेनिंगच्या दिवशी नारळ फुटला, भाषणं झाली आणि न्यूट्रलचा विषय राहून गेला.

"मामा, वेग कमी करून ड्राइव्हला घ्या. आता पाय उचला. ब्रेकवर तयार ठेवा, पण दाबू नका."

"आन् सुटली तर?"

"तर दाबा. पॅड आहेत अजून थोडे."

बस सुटली नाही. कुणीतरी मागून शेपूट धरल्यासारखी सावकाश उतरू लागली. डॅशबोर्डवरचा काटा चार्जिंगच्या हिरव्या भागात गेला. पायथ्याशी पोचेपर्यंत चार्जचा आकडा एका टक्क्यानं वाढला. मामा आकड्याकडं बघतच राहिले.

"अगागा! म्हंजे उतारावर डिझेल टाकीत परत येतंय म्हणा की!"

"तसंच समजा."

"आन् मी ते रोज सांडत हुतो व्हय?"

"माझं ताक न्हाय सांडलं, तेवढं बघा," मावशी म्हणाल्या, आणि अर्धी बस हसली. सगळ्यांत मोठ्यानं मामा.

परतीच्या फेरीला त्यांना ब्रेकला पायच लावायचा नाही असा हुरूप आला. एक थांबा त्या भरात मागं राहिला. कंडक्टर ओरडला, उतरणारे ओरडले. "जरा चालावं, पचतंय," मामा म्हणाले.

नवे पॅड बसवले. पुढच्या तपासणीला चाकांवर फिकट राखाडी थर होता, बाकीच्या बसवर असतो तेवढाच. शून्य नव्हे, कमी. मामांची बदली रद्द झाली. साहेबांनी पाहुण्यांना सांगितलं की आमच्या चालकांना आम्ही विशेष प्रशिक्षण दिलं आहे. मामा शेजारी उभे राहून गंभीरपणे मान हलवत होते.

मी माझ्यापुरतं एवढंच शिकले, की बिघाड सापडत नसेल तर माणसाला त्याच्या चुका विचारू नयेत. त्याला कशाचा अभिमान आहे ते विचारावं. बिघाड बहुतेक तिथंच असतो.