एका जारात दोन जीव

आमच्या दूध संस्थेच्या खोलीत द्रव नायट्रोजनचा एक मोठा जार होता. वळूच्या रेतकांड्या, म्हणजे रेत भरलेल्या बारीक नळ्या, त्यात गोठवून ठेवायच्या, गाय माजावर आली की एक बाहेर काढायची, कोमट पाण्यात सोडायची आणि गाय भरायची, हे माझं काम. चौसाळ्याकडच्या वाड्यावस्त्यांवर मी स्कूटीवरून लहान जार पायांत धरून फिरायचे. लोक मला डॉक्टरीणबाई म्हणत. मी डॉक्टर नाही. कृत्रिम रेतनाचं प्रशिक्षण घेतलेली बाई, एवढंच.

त्या वर्षी विद्यापीठातली एक संशोधक मुलगी आणि एक परदेशी बाई आमच्याकडं आल्या. गावाबाहेरच्या जुन्या, पायऱ्यांच्या बारवेत पाकोळ्या होत्या. पाकोळी म्हणजे लहान वटवाघूळ. आमच्या बारवेतल्यांना उंदरासारखी लांब शेपटी होती. तशीच शेपटीवाली वटवाघळं राजस्थानात आहेत, अरबस्तानात आहेत, थेट आफ्रिकेच्या वाळवंटापर्यंत आहेत म्हणे. ती सगळी एकच जात की वेगवेगळ्या, केव्हा वेगळी झाली, कुठली टिकणार आणि कुठली जाणार, हे बऱ्याच देशांतली माणसं मिळून शोधत होती. जाळी लावून पाकोळी धरायची, पंखाचा मसुराएवढा तुकडा घ्यायचा आणि सोडून द्यायची. पंख पुन्हा भरून येतो. तो तुकडा लगेच गोठवावा लागतो आणि गोठलेलाच राहावा लागतो.

त्यांचा स्वतःचा जार येतानाच खड्ड्यांत आपटून निकामी झाला होता. दुसरा परदेशातून निघाला, तो मुंबईला कस्टममध्ये अडकला. मग संशोधक मुलीनं विचारलं, "ताई, तुमच्या जारात जागा आहे?" होती. संस्थेच्या सचिवांनी परवानगी दिली, वर परदेशी बाईंसोबत फोटोही काढून घेतला. पाकोळ्यांच्या नळ्या रेतकांड्यांशेजारी, वेगळ्या डब्यात, लाल चिकटपट्टी लावून ठेवल्या.

गावात बातमी फिरायला संध्याकाळही लागली नाही. पारावरचे लोक मला बघून म्हणायचे, "डॉक्टरीणबाई, नळी चुकवू नका बरं. न्हाईतर म्हैस झाडाला उलटी लटकंल."

"लटकू द्या. गोठा तरी झाडावा लागणार नाही," मी म्हणायचे.

परदेशी बाईंना हे समजावून सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की खाली बसल्या. पुढच्या आठवड्यात त्या परत गेल्या आणि मुलगी याच कामासाठी राजस्थानला गेली. कस्टममधून जार सुटला की येऊन नळ्या नेणार होती.

पाऊस आला नाही. आधीच्या वर्षीचाही धड झाला नव्हता. मृग कोरडा गेला, आर्द्राही कोरड्या चालल्या. गुरं चारा छावणीत गेली, ज्यांना छावणी झेपली नाही त्यांनी ती बाजाराला नेली. संस्थेत दुधाचे कॅन उपडे पडलेले. गावच्या विहिरीचा कठडा आत ढासळला आणि टँकरचं पाणी ओतायचं कुठं हा प्रश्न उभा राहिला. आमच्याकडं टँकर विहिरीत रिकामा करतात, मग सगळे शेंदून घेतात. उरली बारव, पण पाकोळ्यांची घाण पाण्यात पडणार, म्हणून त्यांना धूर करून हाकलायचं ठरलं.

मी सरपंचांना सांगितलं, "पिल्लं झालीत त्यांना. उडती होईपर्यंत थांबा, मग जीव न जाता हाकलता येतील."

"बाई, पाकोळ्यांला पंख तरी हायेत," सरपंच म्हणाले. "आमी लेकरं घिऊन कुठं उडावं?"

मलाही त्याच टँकरचं पाणी लागत होतं. मी राजस्थानात फोन लावला. मुलीनं परदेशात कळवलं आणि तिकडून एकेका देशातून बीडच्या कलेक्टर कचेरीला विनंतीच्या मेल निघाल्या. त्या कुणी उघडेपर्यंत इथं लोकांनी बारवेत टायर आणि सुक्या मिरच्या पेटवल्या होत्या. उघड्या उन्हात धूर वर आला आणि धुरासोबत पाकोळ्या. ज्यांच्या पोटाला पिल्लं चिकटलेली होती त्यांना उडता येत नव्हतं, त्या पायऱ्यांवर पडल्या. तोंडाला पदर बांधून आम्ही बायकांनी त्या टोपल्यांत भरून बाहेर काढल्या, नाहीतर पाणी सडलं असतं. चुना टाकला. दुसऱ्या दिवशी टँकर आला.

मुलीला मी जसं झालं तसं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "ताई, जार भरलेला आहे ना?"

तोच तर भरलेला नव्हता. दूध नाही म्हणून जिल्हा दूध संघानं आमच्या मार्गावरची गाडी बंद केली होती, आणि नायट्रोजन त्याच गाडीनं यायचा. तो झाकणातून रोज थोडा थोडा उडून जातो, कुणी वापरो न वापरो. मी लाकडी पट्टी बुडवून बघायची. पट्टीवर बर्फ चढेल तेवढा नायट्रोजन. बर्फाची रेघ खाली खाली चालली होती. बीडला ओळखीच्या एका माणसाकडून लहान जारापुरता मिळत होता, त्याहून जास्त नाही. आणि लहान जारात एकच डबा बसतो.

सचिव म्हणाले, "इच्यात इचार काय करायचा? पाकोळ्या टाका अन् कांड्या ठिवा."

"भाऊ, छावणीत माजावर आलेली एक गाय दाखवा. आत्ता जाऊन भरते."

"आज कुठली यील? हाडं निघाली जनावरांची. पाऊस पडल्यावर येतील की."

"तेव्हा संघाकडून दुसऱ्या कांड्या येतील. वळू जिवंत आहे तिकडं. ह्या पाकोळ्यांचं मागं कोण राहिलंय?"

"संघ दील व्हय? दुधाची गाडी दीना, अन् कांड्या दील!" ते खुर्चीतून उठले. "लाल कंधारी वळूच्या कांड्या हायेत त्या, ताई. लोकांनी वर्गणी काढून आणल्यात. गावानं काय वटवाघळं पाळायची का?"

मी तेव्हाही त्यांचं म्हणणं खोटं मानलं नाही. पण मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला होता. उपाशी गाय माजावर येत नाही आणि वळू दुसरीकडं उभा होता. पाकोळ्या कुठंच नव्हत्या. जारांची किल्ली माझ्याकडं होती. दुपारी सचिव जेवायला गेल्यावर मी लाल पट्टीचा डबा लहान जारात उतरवला. मोठ्या जारात तळाशी उरलं ते काही दिवसांत उडून गेलं. मऊ पडलेल्या कांड्या मी खड्डा करून पुरल्या आणि सचिवांना तसं सांगितलं.

मुलगी कुणाचा तरी जार मागून घेऊन आली आणि नळ्या घेऊन गेली.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. उरलेल्या गायी हळूहळू अंग धरू लागल्या, माजावर येऊ लागल्या. संघानं आमचं केंद्र पुन्हा सुरू केलं नाही. सचिव म्हणाले होते तसंच झालं. लोकांनी मोकाट वळूंवर भागवलं. जी वासरं झाली ती कुठल्याही वाणाची झाली, आणि ज्यानं त्यानं ती माझ्या दारावरून मुद्दाम नेली. संस्था पुढं बंदच पडली. आता मी स्वतःच्या हिमतीवर फिरते, कांड्या लांबून आणते. वाटेत किती टिकतात आणि किती मरतात, सांगता येत नाही.

नळ्या चांगल्या निघाल्या. परदेशी बाईंनी कळवलं की आमच्या बारवेतल्या पाकोळ्या राजस्थानातल्यांपेक्षा बऱ्याच वेगळ्या होत्या, फार पूर्वीच फुटून निघालेली शाखा असावी, पण खात्रीसाठी आणखी नमुने लागतील. त्या नमुन्यांसाठी मी बारवेत उतरून आले. आसपासच्या बारवाही पाहिल्या, पडक्या गढीची तळघरं पाहिली. पाकोळ्या नाहीत, असं कळवलं. त्या अजून अधूनमधून विचारतात. मी अजून अधूनमधून बघून येते.

परवा एका म्हातारीची गाय गाभण आहे का ते तपासायला गेले होते. छावणीतून जगून आलेली तिची ही एकच लाल कंधारी. तिला त्याच वाणाचं वासरू हवं आहे, म्हणून दुसरा वळू तिनं जवळ येऊ दिला नाही, दर वेळी मी आणलेल्या कांडीनंच ती भरून घेते. मी हातमोजा चढवत होते.

"डॉक्टरीण, एक इचारू का? त्या नळ्यांतून पाकोळ्या पुन्ना व्हत्यात का?"

"नाही, आजी."

"मग ठिवल्या कावून?"

"त्या कोण होत्या ते कळायला."

"कळलं?"

"थोडं."

"अन् माझ्या गाईचं?"

"शेपूट धरा," मी म्हणाले. तिनं धरली. मी हात आत घातला, गर्भाशय चाचपलं, दोन्ही बाजूंनी नीट पुन्हा एकदा चाचपलं. गाय याही वेळी रिकामी होती. मी हात बाहेर काढला आणि तिला तसं सांगितलं.