मोताळ्याचे नेचे

आमच्या सासऱ्यांइतका सावलीचा लोभी माणूस अख्ख्या बुलढाणा जिल्ह्यात झाला नाही. मोताळ्याच्या उन्हात कपाशी-सोयाबीन पिकवण्यात हयात गेली. मग शेत मुलाच्या हवाली करून त्यांनी घरामागच्या कडुनिंबाखाली नेचे लावले. नेचा म्हणजे नर्सरीवाल्यांचं फर्न. डोंगरातल्या गारव्यातली ही नाजूक जात इथल्या मे महिन्यात जगावी म्हणून त्यांनी हिरवी जाळी बांधली, ओली बारदानं टांगली आणि घरातला एकुलता एक कूलर तिकडे वळवला. जावई म्हणून मान माझा, वारा नेच्यांचा. ते माजलेही असे, की शेजारची बकरी एकदा आत शिरली ती तिसऱ्या दिवशी थंडीनं शिंकत बाहेर आली. हे मी शपथेवर सांगतो. बकरीला विचारू नका.

तिथं मोठ्यानं बोलायची बंदी होती. सोयाबीनचा भाव सांगायला आलेला माणूससुद्धा कुजबुजायचा. "भाऊ, याईले ना फूल ना फळ, मंग लावले काऊन?" असं कोणी विचारलंच, तर सासरे म्हणत, "तुले काय बजारात इकाले न्याचं हाये का बे?" त्यांची एकच आस होती. नेच्यांनी बी धरावं आणि दोन्ही लेकींच्या अंगणात त्याचं एकेक रोप लागावं. चार वर्षं ते त्या बियांची वाट पाहत होते.

मग मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्यांना चिखलीला जावं लागलं आणि आठ दिवस बाग माझ्याकडे आली. सहाव्या दिवशी पानांच्या पाठीवर मला तपकिरी ठिपके दिसले, अगदी ओळीनं. सोयाबीनवाल्या घरचा जावई मी! तांबेरा ओळखायला मला कोण लागतं? रोग पसरू नये म्हणून सगळी पानं बुडातून कापली आणि जाळून टाकली. सासरे परतले तेव्हा दारातच छाती फुगवून म्हणालो, "मामाजी, तांबेरा आलता. एक पान ठेवलं नाही."

डॉक्टरनं बजावलेलं असूनही त्यांनी काळा चष्मा काढला. बराच वेळ त्या बुडख्यांकडे पाहिलं. "तांबेरा नोहोता, जवाईबापू," ते हळू म्हणाले, "बी होतं थे. पानाच्या मांगंच धरते." आणि घरात गेले.

दुसऱ्या दिवशी तब्येत विचारायला आलेली मंडळी उघडी बाग पाहून चरकली. "भाऊ, कोनं केलं हे?" माझ्या जिभेवर एकही थाप येईना. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मीच सांगतलं कापाले. लय दाटी झालती."

पावसाळ्यात पानं पुन्हा फुटली, पण बी अजून धरलेलं नाही. सासरे आता थकलेत. मी गेलो की ते मला हाताला धरून नेच्यांपाशी नेतात, एक पान अलगद उलटतात आणि डोळे आता लख्ख असूनही म्हणतात, "मले नाई दिसत. तुमी पाहा बरं, काई हाये का?"

मी वाकून पाहतो.