शेवटच्या पानावर मी

मी टेबलाखाली होते. आमच्या क्लबच्या वार्षिक प्रदर्शनात मी निम्मा वेळ टेबलाखालीच असते, कारण मॉडेल रेल्वेचं दुखणं वरच्या डोंगरा-बोगद्यांत नसतं, ते खालच्या वायरींत असतं. कोलकात्यातल्या बालीगंजमधल्या एका शाळेचा हॉल, डिसेंबरची सकाळ, दातांत वायर आणि हातात तापलेलं सोल्डरिंग आयर्न. तेवढ्यात वर कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला. मी डोकं बाहेर काढून पाहिलं, तर आमचे एक वयस्कर सभासद माझ्या बोगद्याच्या तोंडाशी रजनीगंधाची जुडी ठेवत होते. चहाच्या कंपनीतून निवृत्त झालेले हे काका भारी हळवे आहेत.

"काका, रुळावर फुलं काय ठेवताय? गाडी घसरेल ना!" मी ओरडले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अशी काही किंकाळी फोडली की शेजारच्या टेबलावरचा चहा सांडला. मग ते मटकन खुर्चीत बसले आणि माझं मनगट धरून राहिले. बहुधा नाडी बघत असावेत. शेवटी त्यांनी पिशवीतून आमच्या त्रैमासिकाचा ताजा अंक काढून माझ्यापुढे धरला. गठ्ठे सकाळीच छापखान्यातून येऊन हॉलच्या दारात पडले होते. मी वायरींच्या नादात ते उघडलेही नव्हते.

शेवटच्या पानावर मी होते.

आता या पानाबद्दल सांगायला हवं. आमच्या त्रैमासिकाचं शेवटचं पान क्लबातल्या गेलेल्या माणसासाठी राखीव असतं. त्याच्या मॉडेलचा फोटो, त्याच्या रुळांचा आराखडा आणि खाली दादांनी लिहिलेला मजकूर. दादा म्हणजे आमचे संपादक. क्लब निघाला तेव्हापासून अंक तेच लिहितात, तेच तपासतात आणि तेच छापखान्यात उभं राहून काढून घेतात. एकदा कुणाच्या तरी लेखात सिग्नल रुळाच्या चुकीच्या बाजूला छापला गेला, तर त्यांनी ते पान सगळ्या अंकांतून फाडायला लावलं होतं. असा माणूस जिवंत बाईला मारून टाकतो म्हणजे काय?

तेवढ्यात न्यू टाउनच्या ऑफिसातून नवऱ्याचा फोन आला. "अगं, कुणीतरी मला फोन करून रडतंय. तू बरी आहेस ना? सकाळी पोहे तर तूच केलेस!"

"मी मेलेय असं छापून आलंय. मग बोलते," म्हणून मी फोन ठेवला. बिचाऱ्याला आणखी काय सांगणार?

मग उभ्याउभ्याच मी स्वतःचं शेवटचं पान वाचलं. फोटो माझ्याच घाटाचा होता. आमच्या क्लबात प्रत्येकाची एकेक फळी असते. फळीची दोन टोकं ठरलेल्या मापाची, म्हणजे शेजाऱ्याच्या रुळांना जोडता येतात. मधे काय उभारायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. मी सह्याद्रीतला घाट केलाय, आणि त्यात उतरत्या गाडीचे ब्रेक निकामी झाले तर तिला चढावर वळवून थांबवणारा फाटा आहे. खऱ्या घाटातल्यासारखं त्या फाट्याआधी प्रत्येक गाडीने थांबायचंच, असा माझा नियम. बाकीचे कुरकुरतात, पण मी कुणाचं ऐकत नाही.

मजकूर इंग्रजीत होता. दादांनी लिहिलं होतं, 'तिच्या घाटात प्रत्येक गाडीला थांबावं लागे. आम्ही वैतागायचो. ती नसताना एकदा सगळ्या गाड्या न थांबवता सोडल्या, तर घाट हा नुसता डोंगर वाटला.' पुढे होतं, 'प्रदर्शनात लोक तिला विचारत, हे तुमच्या यजमानांनी बनवलंय का? ती म्हणे, नाही, ते फक्त पेट्या उचलतात. तिचा राग खरा होता आणि तिचं कामही.'

मला भरून आलं आणि त्याचाच जास्त संताप आला. इतकं चांगलं कुणी माझ्याबद्दल कधी बोललं नव्हतं, आणि बोलले ते मी मेल्यावर! मग शेवटची ओळ वाचली. 'तिने आमचा निरोप घेतला तो दिवस', आणि पुढे टिंबं. तारखेच्या जागी नुसती टिंबं.

चुकून मेलेल्या माणसाची चुकीची तारीख छापली जाते. टिंबं कोण छापतं? हे आधीच लिहून ठेवलेलं होतं.

मग डोक्यात आणखी एक गोष्ट आली. या वर्षी दादांची फळी आलीच नव्हती. गंगेच्या काठाने जाणारी त्यांची लाइन माझ्या घाटाला लागून असते. एका बाजूला गंगा, तिच्या काठच्या पायऱ्या आणि बंद गोदामं, दुसऱ्या बाजूला रस्ता. त्या जागी आम्ही एक कोरी फळी टाकून रुळांचा गोल पुरा केला होता. गुडघे दुखतायत, असा त्यांचा निरोप होता आणि मी सकाळपासून त्या गुडघ्यांच्या नावाने बोटं मोडत होते.

अंक हातात घेऊन मी तशीच निघाले. त्यांचं घर दोन गल्ल्या पलीकडे आहे. दार बौदींनी, म्हणजे दादांच्या बायकोने, उघडलं. माझ्या हातातला अंक पाहून त्यांनी तोंडावर पदर घेतला आणि नुसतं आतल्या खोलीकडे बोट दाखवलं.

खिडकीजवळच्या पलंगावर दादा होते. मला ओळखायला क्षणभर लागला, इतके ते वाळले होते. दुर्गापूजेनंतर मी त्यांना पाहिलंच नव्हतं, सगळं बोलणं फोनवर चालायचं. मी पान त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी चष्मा लावला.

"फोटो काळा आलाय," ते म्हणाले. मग खालचा मजकूर दिसला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "अरे देवा! डॉक्टरांचं पान पाठवायचं होतं!"

क्लबातले एक डॉक्टर पावसाळ्यात गेले होते. दादांनी पलंगावरूनच सगळी पानं छापखान्याला पाठवली आणि चुकून माझं गेलं. प्रूफ बघायला ते आयुष्यात पहिल्यांदाच गेले नव्हते.

"पण माझं पान तयार कशाला होतं?" मी विचारलं. आवाज चढवायचा होता, पण चढला नाही.

"सगळ्यांचंच तयार आहे," दादा म्हणाले. "उन्हाळ्यात माझा रिपोर्ट आला. मग विचार केला, माझ्यामागे तुमचं कोण लिहिणार? खजिनदार? तो लिहील, यांनी वर्गणी वेळेवर भरली."

मी हसले, आणि हसता हसताच पलंगाच्या कडेवर बसले. आम्ही कोण कुठले, बदल्यांवर आलेले, नोकरीसाठी आलेले, फळ्या जोडून गाड्या फिरवणारे लोक. आणि हा माणूस स्वतःचं मरण कळल्यावर आमची पानं लिहीत बसला होता. प्रत्येकाचं वेगळं, प्रत्येकाच्या रुळांचा आराखडा स्वतः हाताने काढून. इतका मोठा धक्का मला माझ्या मरणाच्या बातमीने दिला नव्हता.

"आणि तुमचं पान?" मी विचारलं.

"स्वतःचं कसं लिहू? ते तू लिही. पण छापण्याआधी मला दाखव. तुझा काही भरवसा नाही."

हॉलवर परतले तेव्हा काका माझ्या फळीची राखण करत बसले होते. रजनीगंधा परत घ्यायला ते तयार होईनात. मी ती नेऊन दादांच्या कोऱ्या फळीच्या कडेला ठेवली, आणि मग घाबरून लगेच उचलली.

मी दादांचं पान लिहिलं. पहिला मसुदा लाल शाईने भरून परत आला. दुसऱ्यात मला एक युक्ती सुचली. मी त्यांचं काळं इंजिन मुद्दाम हिरवं केलं. तो मसुदाही परत आला, समासात 'हिरवं? तुला दिसत नाही का?' असा खेकसलेला शेरा. मी खूश. पुढच्या मसुद्यात गोदामांचं छप्पर बदललं, तेही त्यांनी पकडलं. चूक आहे तोवर पान छापता येत नाही, आणि पान छापलं जात नाही तोवर दादा आहेत, असं माझ्या डोक्याने घेतलं होतं. असले हिशेब खुळे असतात हे मलाही कळतं.

या खेपेला मी मोठी चूक केली. रस्त्याच्या जागी गंगा आणि गंगेच्या जागी रस्ता, रुळांच्या सरळ उलट बाजूला. हे त्यांनी पाहिलं की फोनच येणार, मी तयारीत होते.

काल बौदींनी मसुदा परत पाठवला. लाल शाई कुठेच नव्हती. मी पान उलटंपालटं करून पाहिलं, उजेडात धरून पाहिलं. गंगा तशीच चुकीच्या बाजूला वाहत होती आणि खाली वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं होतं, 'छान आहे. छाप.'